रुमालाखालची बोटं

दर शुक्रवारी बाजाराच्या मैदानात हजारभर माणसं तोंडाने बोलत, आणि त्यातलं एकही बोलणं खरं नसे. खरं काय ते रुमालाखाली. दलालाने खांद्यावरचा रुमाल काढायचा, स्वतःच्या आणि गिऱ्हाइकाच्या हातावर टाकायचा आणि खाली बोटांनी भाव करायचा. एक बोट धरलं की एक, दोन धरली की दोन, अख्खा पंजा धरला की पाच. वर तोंडाने हवापाण्याच्या गप्पा. पटलं की तळहात दाबायचा, न पटलं की हात सोडायचा. तळहात एकदा दाबला की माघार नाही. त्या मैदानात एवढा एकच कायदा पाळला जाई. बाकीचे कायदे लोक घरी ठेवून येत.

आबांनी ही दलाली एकतीस वर्षं केली होती. ताकास तूर लागू द्यायची नाही, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलं होतं की घरी जेवताना मीठ कमी असलं तरी ते सरळ मीठ मागत नसत. आज हवा दमट आहे, असं काहीतरी म्हणत आणि आईने ओळखावं अशी वाट बघत. गरज दाखवली की भाव पडला. झाकली मूठ सव्वा लाखाची. पोराला त्यांनी पाढ्यांच्या आधी या दोन गोष्टी शिकवल्या होत्या.

या उन्हाळ्यात चारा संपला आणि बाजारात जनावरांची रांग लागली. बरगड्या मोजता येतील अशी जनावरं, आणि त्यांच्याकडे बघायचं टाळणारे मालक. दलालाला श्वास घ्यायला फुरसत नसावी असे दिवस. नेमक्या त्याच दिवसांत एका गाईने हिसका दिला आणि आबांच्या उजव्या हाताची दोन बोटं दाव्यात आणि खांबात सापडली. हाड जुळलं, पण वाकडं. तर्जनी मिटेना, मधल्या बोटाला स्पर्श कळेना. पट्टी निघाल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी त्यांनी तीन धरली आणि व्यापाऱ्याला ती दोन वाटली. चांगला सौदा मोडला, वर हसू झालं.

तेव्हापासून तोंड आबांचं आणि हात मुलाचा, अशी वाटणी झाली. आबा आधीच कानात सांगून ठेवत, "याच्या खाली उतरायचं नाही," आणि मुलगा रुमालाखाली हात घाली. मुलाचा हात चांगला होता. समोरच्याच्या बोटाला घाम कधी फुटतो, ते त्याला बरोबर कळे.

"काय रे पदवी," लठ्ठ व्यापारी म्हणाला. त्याच्या तोंडात सदा बडीशेप असे, म्हणून त्याचं नावच बडीशेप पडलं होतं. "तुझ्या कॉलेजात जनावराचे दात बघायला शिकवायचे, की नुसती दातांची चित्रं काढायला?"

"दोन्ही."

"मग आमच्या मुलाला घातला नाही ते बरं झालं. त्याला चित्र जमत नाही."

आजूबाजूचे हसले. मुलगाही हसला. हसला नाही तर लागलं म्हणतात, आणि लागलं हे कळू दिलं की संपलंच. प्राणिशास्त्रात पहिल्या वर्गात पदवी घेऊन त्याला दीड वर्ष झालं होतं, आणि दीड वर्षात गावाने त्याचं नाव विसरून त्याला पदवीच म्हणायला सुरुवात केली होती.

सौदा झाला. गाय नव्या मालकाबरोबर जाईना. मुलगा तिला पुढे ढकलायला गेला आणि जाता जाता त्याची बोटं आपोआप तिच्या कानामागे गेली. तिथे एक फुगलेली गोचीड होती. त्याने ती अलगद काढली, खिशातल्या छोट्या बाटलीत टाकली आणि बूच लावलं. आबांनी ते बघितलं आणि दुसरीकडे मान वळवली. हे पोराचं खूळ त्यांना ठाऊक होतं, फक्त त्याला काय म्हणावं ते त्यांना कळत नसे.

घरात फोन फक्त गोठ्याच्या खिडकीत लागे. भिंतीला टेकून, थोडा डावीकडे कलता ठेवला तर. म्हणून फोन तिथेच एका रिकाम्या डब्यात असे आणि जो जवळ असेल तो उचले. त्याच खिडकीत मुलाच्या बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: तारीख, जनावर, शरीराचा भाग. खिडकीखाली म्हातारा बैल बांधलेला असे. तो विकायच्या लायकीचा नव्हता, आणि आबा त्याला विकायच्या लायकीचे नव्हते.

मुलगा दिवसाचा बराच वेळ या खिडकीत घालवी. त्याच्याबरोबर बसने कॉलेजला जाणारे पाच जण पाच दिशांना गेले होते. त्यांचा फोनवरचा गट होता, पण त्यात आता सकाळी फुलांची चित्रं तेवढी येत. एकदा त्याने लिहिलं, "कोणी आहे का रे?" त्यावर एकाने अंगठा पाठवला. त्यानंतर त्याने काही लिहिलं नाही. बोलायला बैल होता. बैल ऐकून घेई आणि अंगठा पाठवत नसे.

अर्ज किती केले ते तो विसरला होता. खतवाले, औषधवाले, दूधवाले. एका ठिकाणी रखवालदाराने फाटकातूनच कागद घेतले आणि तासाभराने चहाचा गोल डाग पाडून परत दिले. एका ठिकाणी एका जागेसाठी एवढी माणसं आली होती की साहेबांनी मुलाखती न घेताच सगळ्यांना उन्हात उभं करून उंचीप्रमाणे रांग लावली. का, ते कोणीच विचारलं नाही. आई दर वेळी तो निळा शर्ट धुई, गादीखाली घडी घालून ठेवी आणि तो परत आला की काही न विचारता पुन्हा धुवायला घेई.

आता पंधरा दिवसांपूर्वी मात्र एका पशुखाद्य कंपनीत गोष्ट जरा वेगळी झाली होती. तिथल्या साहेबांनी त्याला बसायला सांगितलं होतं. बसायला सांगतात तिथे आशा असते, हे त्याला अनुभवाने कळलं होतं. पंधरा दिवसांत फोन करू, म्हणाले.

आणि गेल्या आठवड्यात कॉलेजच्या मॅडमचा निरोप आला. पुढच्या पदवीच्या, एम.एस्सी.च्या यादीत त्याचं नाव दुसरं होतं. फी माफ होईल, राहायची सोय होईल. दोन वर्षं. शुक्रवारी दुपारी दोनच्या आत मूळ कागद घेऊन स्वतः यायचं आणि सही करायची. न आल्यास पुढचं नाव.

ही गोष्ट त्याने घरी सांगितली नाही. सांगायची कशी? दीड वर्ष नोकरी न मिळालेला माणूस पुढे शिकायला जातो तेव्हा लोक काय म्हणतात ते त्याला पाठ होतं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी. आणि लोकांचं जाऊ दे, त्याला स्वतःलाच खात्री नव्हती. दोन वर्षांनी हाच निळा शर्ट घालून याच फाटकांवर आपण उभे राहणार, फक्त कागद एक जास्त, असं त्याला दिसे. शिवाय आबांचा हात. बाजारात रुमालाखाली कोण हात घालणार?

नोकरी कंपनीची असती तर शुक्रवार सुटीचा होता, बाजार सांभाळता आला असता. तेही त्याने मनात जुळवून ठेवलं होतं.

बुधवारी तो दूरच्या बांधावरून वाळलेलं गवत कापून घेऊन आला तेव्हा उन्हं उतरली होती. मानेवर भारा, घामात चिकटलेलं कुसळ. आबा गोठ्यात दाव्याला पीळ देत बसले होते. डाव्या हाताने पीळ नीट बसत नव्हता, पण चेहरा मात्र बाजार मारून आल्यासारखा होता.

"कंपनीचा फोन आला होता," ते म्हणाले.

"कोणत्या?"

"पेंडवाल्या. बाई होती. गोड बोलत होती. गिऱ्हाईक गोड बोलायला लागलं की समजावं, माल पसंत आहे."

त्याने भारा उतरवलाच नाही. "काय म्हणाली?"

"म्हणाली, सोमवारपासून येऊ शकेल का तुमचा मुलगा. मी म्हटलं, सोमवार? एवढी घाई कसली? त्याला अजून दोन ठिकाणचे फोन आहेत. शिवाय कॉलेजच्या मॅडम पुढच्या शिक्षणाला बोलावताहेत, त्याचं मन तिकडेच जास्त आहे. तुम्ही काय ते वाढवून सांगा, मग बघू."

भारा मानेवरून आपोआप घसरला.

"मग?"

"मग काय, बाई गप्प. गप्प झाली म्हणजे आत आकडा जुळवत असणार. म्हणाली, आम्हाला सोमवारी माणूस हवाच होता. मी म्हटलं, बघा बुवा तुमचं तुम्ही. आणि ठेवला. चांगली ओढून धरली मी."

बैलाने पडलेल्या भाऱ्यात तोंड घातलं. कोणी त्याला हाकललं नाही.

"आबा, मॅडमचं तुम्हाला कोणी सांगितलं?"

"परवा फोन आला होता त्यांचा. मी त्यांनाही म्हटलं, बघू, बाकीची गिऱ्हाइकं पण आहेत." आबांनी दाव्याचं टोक दातात धरून गाठ आवळली. मग टोक सोडून, त्याच्याकडे न बघता म्हणाले, "तू आपणहून सांगशील म्हणून थांबलो होतो. दोन दिवस थांबलो."

मुलगा खिडकीपाशी गेला, फोन डावीकडे कलता धरला आणि कंपनीला लावला. बाई खरंच गोड बोलत होती. "तुमच्या वडिलांनी सगळं स्पष्ट सांगितलं," ती म्हणाली. "आम्ही दुसऱ्या उमेदवाराला कळवलं, ते हो म्हणाले. पुढच्या शिक्षणासाठी शुभेच्छा."

"धन्यवाद," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

फोन डब्यात ठेवताना एक बाटली आडवी झाली, ती त्याने उभी केली.

"ते बैल घेत नव्हते, आबा."

"जगात सगळे काही ना काही घेतच असतात," आबा म्हणाले, पण आवाजातला जोर निम्म्यावर आला होता. "तू काळजी करू नकोस. आज गेलं तर उद्या मैदानाला चक्कर मारून इथेच. फिरून येतं गिऱ्हाईक."

आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती नवऱ्याला एवढंच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण," आणि आत गेली. तिने त्या संध्याकाळी दोघांनाही वाढलं, पण दोघांशीही बोलली नाही.

गुरुवारी आबा सकाळपासून खिडकीपाशी बसले. उलट्या पाटीवर बसून, फोन मांडीवर घेऊन. मांडीवर फोन लागत नाही हे लक्षात आलं तेव्हा उठून, तो भिंतीला टेकवून, डावीकडे कलता धरून उभे राहिले. पाणी पाजायची वेळ झाली, ते हलले नाहीत. एक माणूस शेळी दाखवायला घेऊन आला, त्याला खुणेनेच नंतर ये म्हणाले. बाजारात आबांनी कधी कोणाची वाट बघितलेली मुलाने पाहिली नव्हती. वाट बघणाऱ्याचा भाव पडतो, हे त्यांचंच वाक्य. आता ते वाकडं बोट फोनच्या काचेवर टेकवून उभे होते, आणि मुलाला संताप यायचा तो येईना. काल रात्रभर त्याने तो साठवून ठेवला होता. आता शोधला तर सापडत नव्हता.

"बसा तरी," तो म्हणाला.

"पाठ आखडली आहे. उभं बरं वाटतं."

फोन दोनदा वाजला. एकदा ताईचा, सासरहून, सहज. एकदा चुकीचा नंबर. त्या चुकीच्या माणसाशीही आबा फार अदबीने बोलले.

ऊन कलल्यावर मुलाने त्यांच्या हातातून फोन घेतला. "मला लावायचा आहे," म्हणाला. आबा दोन पावलं बाजूला झाले आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिले, म्हणजे ऐकू येणार नाही असं नाही, पण ऐकत नाही असं दिसेल.

मॅडमनी उचलला. "तुझे वडील मोठे गमतीचे आहेत," त्या म्हणाल्या. "नोकरीचं ठरलं का?"

"नाही. गेली."

"मग उद्या येतोस?"

त्याने एका बाटलीवरची चिठ्ठी बोटाने सारखी केली.

"हे बघ," मॅडम म्हणाल्या, "तुला यायचं आहे, की दुसरं काही उरलं नाही म्हणून यायचं आहे? तसं असेल तर येऊ नकोस. तसे पुष्कळ येतात. पहिल्या परीक्षेपर्यंत चेहरे उतरतात त्यांचे."

हाच प्रश्न त्याला आठ दिवस खात होता. हातात नोकरी असती आणि ती बाजूला ठेवून तो गेला असता, तर ते जाणं खरं. आता कसं कळणार? आबांनी एक दार ओढून घेतलं होतं, आणि उरलेल्या दारातून आत जाणारा माणूस निवड करतो की नुसता आत जातो, हे त्याचं त्यालाही सांगता येईना.

"माहीत नाही," तो म्हणाला. खरं तेच होतं.

"बरं. ते गोचिडांचं अजून आहे का काही? तिसऱ्या वर्षाला आणल्या होत्यास, अकरा बाटल्या."

"आहेत. सत्तेचाळीस झाल्या."

"झाल्या?" मॅडम म्हणाल्या. "म्हणजे कॉलेज सुटल्यावरही करतो आहेस? कोणासाठी?"

तो खिडकीतल्या ओळीकडे बघत राहिला. कोणासाठी, हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं. हातातला फोन सरळ झाला आणि आवाज तुटला. पुन्हा लावला नाही.

शुक्रवारी सकाळी निळा शर्ट धुतलेला, घडी घातलेला, कागदांच्या पिशवीवर ठेवलेला होता. आईला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"मी जायचं ठरवलं नाही अजून," तो म्हणाला.

"मी कुठे म्हटलं जा म्हणून? मळला होता, धुतला."

त्याने शर्ट घातला, पिशवी घेतली आणि आबांबरोबर बाजारात गेला. शहराची बस बाजाराच्या फाटकासमोर लागे, साडेदहाला. तोवर दोन सौदे सहज होतील, मग बघू. त्याने ते तसंच ठेवलं होतं, लोंबकळत. बाजारात धूळ होती, शेणाचा वास होता, आणि निळ्या शर्टाकडे बघून जो तो काहीतरी बोलत होता. "पदवी, मुलगी बघायला निघालास की काय?" तो हसत होता. एक सौदा झाला. दुसऱ्याला बडीशेप उभा राहिला, एका काळ्या गाईसाठी. तिचा मालक, एक सुकलेला म्हातारा, तिच्या गळ्याखाली हात घालून उभा होता. आबांनी मुलाच्या कानात आकडा सांगितला.

तेवढ्यात फाटकासमोर बसचा हॉर्न वाजला.

मुलगा हलला नाही. त्याने रुमालासाठी हात पुढे केला. आबांनी खांद्यावरचा रुमाल काढला, पण बडीशेपकडे वळले नाहीत. त्यांनी तो आपल्या आणि मुलाच्या हातावर टाकला.

"अहो, मी इकडे आहे," बडीशेप म्हणाला.

"थांबा जरा. ऊन फार आहे आज," आबा मुलाकडे बघून म्हणाले.

रुमालाखाली त्या जखमी हाताने मुलाची दोन बोटं धरली. तर्जनी मिटत नव्हती म्हणून अंगठा आणि करंगळीने. पकड नीट नव्हती, आणि आबांच्या ओठाची एक कड दुखण्याने आत ओढली गेली. पण दोन म्हणजे दोनच होती. दोन वर्षं.

"हो," मुलगा म्हणाला. "फार आहे."

त्याने आबांचं एकच बोट धरलं. तेच मधलं, वाकडं. एक वर्ष. अजून एक वर्ष बघतो, इथेच, तुमच्याबरोबर, कुठेतरी लागेल. वाकडं बोट त्याच्या मुठीत लाकडासारखं पडलं होतं. त्याला मुठीत काही कळत होतं का, कोण जाणे.

आबांनी बोट सोडवून घेतलं. पुन्हा दोन धरली. या वेळी जास्त घट्ट.

"यंदा चाऱ्याचं अवघडच आहे," ते म्हणाले. डोळे ओले नव्हते, पण त्यात काही लपवलेलंही नव्हतं, आणि त्या माणसाच्या तोंडावर एवढं उघडं असं काही मुलाने कधी बघितलं नव्हतं.

मुलाला विचार करायचा होता. पण रुमालाखाली विचाराला वेळ नसतो; तिथे जे आहे ते बोटांतून निघून जातं. मॅडमना देता न आलेलं उत्तर त्याच्या हाताने दिलं. त्याने आबांचा तळहात दाबला.

दाबल्यावर त्याला कळलं की आपल्याला जायचं आहे. दुसरं काही उरलं नाही म्हणून नव्हे. कंपनीच्या बाईने आत्ता, या घडीला फोन केला असता, तरीही.

आबांनी रुमाल उचलला. "जा. गाडी सुटेल."

"आणि तुमचं?"

"मला तोंड आहे ना. जा म्हटलं."

तो धावला. मागून बडीशेप काहीतरी म्हणाला आणि लोक हसले. बस भरली होती, तरी खिडकीजवळ एक जागा मिळाली. पिशवी मांडीवर घेऊन बसला तेव्हा शर्टाच्या बाहीवर धुळीचे डाग दिसले. शेजारच्या बाईने सरकून बसायला सांगितलं. खिडकीतून मैदान दिसत होतं, काळी गाय दिसत होती, आणि आबा.

आबांनी रुमाल बडीशेपच्या हातावर टाकला होता. क्षणभर दोघं तसे उभे राहिले. मग बडीशेपने हात झटकून बाहेर काढला. "काय धरलंत ते कळत नाही हो," तो मोठ्याने म्हणाला. "तीन का चार?" पुन्हा प्रयत्न झाला. पुन्हा हात बाहेर. म्हातारा मालक गाईच्या गळ्याखालचा हात काढून दोघांच्या तोंडांकडे बघत होता. भोवती माणसं जमली.

आबांनी रुमाल झटकला, नीट घडी केली आणि खांद्यावर ठेवला. मान वर केली आणि मैदानात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी भाव सांगितला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. तो आकडा मुलाने बसमध्ये ऐकला, शेजारच्या बाईने ऐकला, फाटकावरच्या चहावाल्याने ऐकला आणि चहा गाळता गाळता वर बघितलं. मैदानातला गलबला तेवढ्यापुरता थांबला.

बडीशेपने मान हलवली. नाही.

बस सुरू झाली. फाटक मागे पडत असताना आबांचा आवाज पुन्हा आला, तेवढाच मोठा, दुसरा आकडा सांगणारा. तो आकडा पहिल्यापेक्षा कमी होता.